राठोडचं तोंड, ग्यानबाचं नाव

सरकारी कचेरीत जुने कागद ठरावीक मुदतीनंतर जाळायचा नियम असतो. किस्स्यांना असा नियम नाही, म्हणून ते साचतात. त्यातून आमच्यासारखे रिटायर लोक रोज सकाळी एकाच बाकावर बसले की कालच्या किस्स्यावर आजचा येऊन पडतो आणि खालचा दबून जातो. खालचे जाऊ द्या. सध्या जे वर आहेत तेवढेच सांगतो.

बाक जवळा बाजारात, मेडिकल दुकानासमोर आहे. आम्ही चौघं. मी क्लार्क होतो, म्हणून सगळे अजून बाबू म्हणतात. ग्यानबा आमच्याच ऑफिसात शिपाई, आणि साहेबांच्या जीपवरचा ड्रायव्हर राठोड. राठोड बाजूच्या तांड्यावर राहतो. मुनीरभाई आमच्या ऑफिसचे नव्हेत. ते जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पण चहा पाजतात, म्हणून त्यांना सामावून घेतलं.

तंबाखू मळायचं काम राठोडकडे. स्टिअरिंग सुटल्यापासून त्याच्या हातांना दुसरा धंदा उरला नव्हता. तो तळव्यावर निवांत मळायचा, थापटायचा, तळवा पुढे करायचा आणि आम्ही तिघं चिमूट उचलायचो. कोणी नको म्हटलं तर ते भांडण समजलं जायचं.

*

मागच्या हिवाळ्यात गावच्या शाळेत नांदेडच्या एका दवाखान्याची माणसं मशीन घेऊन आली. मशीन कसलं, मोबाइलला जोडलेली बॅटरी. तिचा निळा उजेड तोंडात पाडायचा आणि फोटो काढायचा. चांगली कातडी त्या उजेडात हिरवट चमकते, बिघडलेली काळी पडते. तोंडाचा कॅन्सर आपल्या डोळ्यांना दिसायच्या आधीच ओळखता येतो का, याचं संशोधन चालू होतं. तंबाखू खाणारी माणसं हवी होती. त्या बाबतीत आमचं गाव स्वयंपूर्ण आहे.

समजावून सांगायला प्राजक्ताताई म्हणून एक मुलगी होती. ती म्हणाली, मशीन फोटो पाहून स्वतःच सांगतं, पण अजून ते शिकतंय.

राठोडनं लगेच हात वर केला. "म्हंजे शिकाऊ लायसन. मंग बाजूला पक्क्या लायसनवाला कोण बसून राहिला?"

नांदेडचे डॉक्टर प्रत्येक फोटो स्वतः पाहतात, असं ताईंनी सांगितलं.

"मंग ब्रेक त्यांच्याकडं हाय. चालू द्या."

तासभराच्या भाषणातून जे लोकांना कळलं नव्हतं ते तेवढ्यात कळलं, आणि रांग लागली.

*

मुनीरभाईंनी कवळी काढून हेडमास्तरांच्या हातात दिली आणि आ केला. मशीननं त्यांना पास केलं. कवळी परत घेताना ते हेडमास्तरांना म्हणाले, "शुक्रिया. तकलीफ झाली." हेडमास्तर त्या दिवशी डबा न खाता घरी गेले.

माझं तोंड पाहून ताई म्हणाल्या, "काका, सगळं व्यवस्थित आहे." उभ्या नोकरीत हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं.

*

ग्यानबा मात्र त्या दिवशी औंढ्याला गेला होता. नागनाथाच्या दर्शनाला. नोकरीत असताना ग्यानबाला नागनाथ फक्त ऑफिसला उशीर झाल्यावर आठवायचा, त्यामुळे आम्ही समजलो.

ग्यानबाचा मोठा भाऊ याच रोगानं गेला. गालात गाठ आली, दवाखान्यात नेला, डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, फार उशीर केलात. पुढं दादा फार दिवस राहिला नाही. या सगळ्यातून ग्यानबानं एक निष्कर्ष काढला. "दवाखान्यात बघितलं आन निघालं. बघितलंच नसतं तर काय निघालं असतं?"

अशा निष्कर्षांवर साहेबांच्या सह्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

पण ग्यानबाची सून आशा वर्कर. गावातली तंबाखू खाणारी माणसं गोळा करायचं काम तिच्याकडे, आणि घरातूनच सुरुवात करावी म्हणून तिनं सासऱ्याचं नाव सगळ्यांत वर दिलेलं. दुसऱ्या दिवशीही शिबिर होतं. "मामा, उद्या आला न्हाईत तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरणार न्हाई," असं तिनं बजावलं.

*

आमच्या ऑफिसात मस्टरवर कोणी गैरहजर राहिलेलं मला आठवत नाही. खुर्च्या रिकाम्या असायच्या, पण सह्या सगळ्यांच्या व्हायच्या. ज्याला अडचण असेल त्याची सही दुसऱ्यानं करायची, हा आमच्यातला शेजारधर्म. त्यात ग्यानबानं राठोडसाठी आणि राठोडनं ग्यानबासाठी केलेल्या सह्या सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई जेवायला गेल्या होत्या, ग्यानबाची सून बायकांना बोलवायला गेली होती आणि मशीनवर एक नवीन मुलगी होती. राठोड गेला, खुर्चीवर बसला, ग्यानबाचं नाव सांगितलं, ग्यानबाचा मोबाइल नंबर सांगितला आणि आ केला.

तांड्यावर शिबिर पुढं कधीतरी होणार होतं. तिथं स्वतःच्या नावानं पुन्हा आ करायचा, असा त्याचा हिशेब. संध्याकाळी बाकावर येऊन त्यानं आम्हाला हे सांगितलं, तेव्हा ग्यानबाच्या डोळ्यांत पाणी आलं. राठोड म्हणाला, "त्यात काय एवढं? सहीच तर केली."

*

काही दिवसांनी सकाळी ग्यानबाचा फोन वाजला. राठोड अजून यायचा होता. ग्यानबानं फोन कानाला लावला आणि हळूहळू बाकावरून उठून उभा राहिला. साहेब बोलावतात तेव्हा उठायचा, तसा.

फोन ताईंचा होता. डाव्या गालाच्या आत काळा डाग दिसतोय. डॉक्टरांनीही फोटो पाहिला. नांदेडला येऊन गालाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. घाबरू नका, पण लवकर या.

ग्यानबानं डावा गाल धरला. "दुखून राहिलं हो बाबू. दोन दिवसापासून दुखून राहिलं."

मुनीरभाई म्हणाले, "अरे मियाँ, फोटो तुझा न्हाई."

ग्यानबानं गालावरचा हात काढला. चेहऱ्यावर एकदम रंग आला, आणि आला तसाच गेला. फोटो कोणाचा ते तिघांच्याही एकदमच लक्षात आलं होतं. समोरच्या रस्त्यानं राठोड डुलत येत होता, आणि चालता चालता त्याच्या तळव्यावर मळणं सुरू होतं.

*

तो बसला. तंबाखू थापटली. तळवा माझ्यापुढं केला. मी घेतली नाही. मुनीरभाईंपुढं केला, त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. ग्यानबापुढं केला, ग्यानबानं मान खाली घातली.

"काय, आज सगळ्यांना उपास हाय का?"

कोणी हसलं नाही. राठोड एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिला. समोर मेडिकलवाला शटर वर करत होता.

"कोणाचं निघालं?" राठोडनं विचारलं.

"माझं," ग्यानबा म्हणाला.

राठोडनं मूठ मिटली. "तुझं म्हंजे माझं."

*

ताई स्वतः गावात आल्या. आम्ही खरं काय ते सांगितलं. इतकी शांत मुलगी इतकी चिडेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक तोंडाबरोबर त्या माणसाचं वय, सवयी, घरात कोणाला हा रोग होता का, हे सगळं मशीनला शिकवलं जातं, असं त्या म्हणाल्या. "राठोडकाका, तुम्ही त्याला खोटं शिकवलंत."

"बरं झालं," राठोड म्हणाला. "सरकारी माणसं कशी असतात ते त्याला सुरवातीलाच कळलं."

ताईंना हसू आलं नाही. ग्यानबाच्या नावाचं सगळं रद्द करून राठोडचं नव्यानं करायचं ठरलं. मग त्यांनी राठोडला समोर बसवून सांगितलं की हा डाग आज नखाएवढा आहे. डॉक्टरांना शंका आहे तसं असेल तर आज नखाएवढंच कापावं लागेल. थांबलात तर गाल, मग जबडा, आणि मग कापण्यासारखं काही राहत नाही.

राठोड म्हणाला, "बघू."

हा शब्द मी आयुष्यभर लोकांना ऐकवला आहे. त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे.

*

राठोड बघत राहिला. आठवडा गेला, दुसरा गेला. मशीन शिकाऊ आहे, चुकलं असेल. डॉक्टर तरुण असतील. सोयाबीन विकायचं आहे. बायकोला काय सांगू? बाकावर तो आता आमच्याकडं पाठ करून मळायचा आणि एकटाच खायचा. ग्यानबानं त्याला विनवून पाहिलं, तर म्हणाला, "तू नको सांगू. तुझं तोंड कोणी बघितलंय?"

शेवटी मुनीरभाई तांड्यावर गेले. तांड्यावरच्या सगळ्या बैलांना ते नावानं ओळखायचे. त्यांनी राठोडला त्याच्या बायकोसमोर, सोनाबाईसमोरच विचारलं, "तुझ्या बैलाला लाळ्या खुरकूत झालं होतं, तवा तू काय केलं होतं?"

"तुमच्याकडं पळत आलतो."

"काहून?"

"तोंड आलतं त्याचं. खाईना."

"बराबर. बैलाच्या तोंडासाठी पळत आला. आन आता मुहूर्त बघून राहिला."

सोनाबाईंनी विचारलं, कोणाचं तोंड आलंय? राठोड घाईनं म्हणाला, कोणाचंच न्हाई, उद्या बाबूसोबत नांदेडला जाऊन राहिलो, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचाय.

ते एका अर्थी खरंच होतं.

*

एसटीत राठोडला खिडकीशी बसवलं आणि बाहेरच्या बाजूला मी बसलो. पुढच्या सीटवर ग्यानबा आणि मुनीरभाई. हट्टा येईपर्यंत राठोड ड्रायव्हरचे गिअर मोजत होता. "असा दाबतेत का क्लच? गाडी हाय का उसाचा चरक?" हट्टा गेल्यावर तो गप्प झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

वसमतला लघवीला म्हणून उतरला. गाडी सुटायची वेळ झाली तरी पत्ता नाही. ग्यानबा उतरून पळाला. आम्ही कंडक्टरच्या हातापाया पडत होतो. राठोड स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर, जवळ्याकडं परत जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरशी बोलत उभा होता.

ग्यानबानं त्याचा हात धरला. "दादा बी असाच वसमतवरून माघारी आलता," एवढंच म्हणाला.

दोघं येऊन आपापल्या जागी बसले.

*

त्या खेपेला गालाचा तुकडा काढला. रिपोर्टला पुन्हा जायचं होतं. मधल्या दिवसांत बाकावर तंबाखू नव्हती, आणि तंबाखू नसली की बाक किती लांब असतो ते आम्हाला कळलं.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. पहिल्या खेपेला ग्यानबा दवाखान्याच्या फाटकाशीच थांबला होता. या वेळी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकापर्यंत आला, पण आत यायला तयार नव्हता. मुनीरभाई त्याच्याजवळ बसले. मी राठोडबरोबर आत गेलो.

डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. राठोडच्या दोन्ही हातांची बोटं टॉवेलमध्ये गुंतली होती.

"पेशी बदलायला लागल्यात," डॉक्टर म्हणाले. "पण कॅन्सर झालेला नाही. तो डाग आपण काढून टाकू. मग दर काही महिन्यांनी याच निळ्या दिव्याखाली पाहत राहू. तंबाखू मात्र संपली."

"म्हंजे वाचलो?"

"वेळेवर आलात. पूर्वी अशी माणसं गाल सुजल्यावर यायची."

राठोडनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि मग बराच वेळ टॉवेल तोंडावरून काढला नाही. बाहेर सांगावं म्हणून मी उठलो, तर त्यानं माझी बाही धरली.

"बाबू, ग्यानबाला सांगा, लई बेकार निघालं."

डॉक्टरांनी मान वर केली.

"आन साहेब," राठोड त्यांना म्हणाला, "ती तपासायची खुर्ची जरा मोकळी असू द्या."

मी बाहेर गेलो. चेहरा पाडायला मला कष्ट पडत नाहीत, नोकरीभर तोच वापरला. ग्यानबा उठून उभा राहिला. मला जे सांगायला सांगितलं होतं ते मी सांगितलं.

त्यानं चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेला. राठोड टॉवेलात तोंड घालून बसला होता. ग्यानबा त्याच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. मग त्या मोकळ्या खुर्चीवर जाऊन बसला, डोळे घट्ट मिटले आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच आ केला.

डॉक्टरांनी दिवा लावला.