साडूंची पाच मिनिटं

घड्याळ ही भिंतीवरची शोभेची वस्तू आहे, यावर आमच्या नांदेडच्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर शेजाऱ्यांशी भांडतात. साडूंनी पुठ्ठ्याच्या छोट्या छोट्या एसटी बांधायला घेतल्या. "पाच मिनिटं बसतो" म्हणून सकाळच्या चहानंतर जे टेबलाशी बसायचे, ते दिवेलागणीपर्यंत. मधे माझ्या मेव्हणीच्या, म्हणजे आक्कांच्या, हाका सुरू. "ओ, ताट वाढलंय!" "आलो, पाच मिनिटं." भाजी गार व्हायची, गरम व्हायची, पुन्हा गार व्हायची. मग आक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं करवादायच्या, "त्या एसटीशीच लगीन लावायचं होतं की!"

पुठ्ठा लागायचा तो लग्नपत्रिकांचा. त्यामुळं कुठल्या लग्नाला जायचं, हे साडू पत्रिकेच्या जाडीवर ठरवायचे. "लई पातळ हाय," पत्रिका बोटांत चोळून ते गंभीरपणे म्हणत, "नुसता आहेर पाठवू."

एकदा आम्ही लातूरहून गेलो होतो, सगळ्यांनी मिळून माहूरला जायचं होतं. ऑटो दारात येऊन उभा, आणि साडू गाडीचा आरसा बोटानं दाबून बसलेले. डिंक वाळेपर्यंत बोट काढायचं नाही, हा त्यांचा धर्मच. शेवटी पुठ्ठ्याची एसटी मांडीवर घेऊन ते खऱ्या एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "काका, हिचं तिकीट?" बोट न हलवता साडू म्हणाले, "हाफ द्या."

यंदा त्यांच्या उजव्या हाताला कापरं सुटलं. चिमटीतली खिडकी जागेवर बसेना. बरेच दिवस झगडले आणि शेवटी अर्धी गाडी कपाटावर ठेवून दिली. मी भेटायला गेलो तेव्हा साडू खुर्चीत नुसते बसून होते. आक्कांनी ताट वाढल्याचं सांगितलं, तसे मुकाट्यानं उठून हात धुवायला गेले. आक्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघा की भाऊजी, पहिल्या हाकंला यायलेत. मला न्हाई बघवत." मलाही बघवलं नाही. लातूरला परतताना वाटभर तेच डोक्यात होतं.

परवा पुन्हा गेलो, तर टेबलावर तीच गाडी. आक्का दोन्ही हातांनी खिडकी धरून बसलेल्या आणि साडू थरथरत्या हातानं डिंक लावत होते, थोडा खिडकीला, थोडा आक्कांच्या बोटांना.

"दाब. आणखी दाब."

"दाबलंय हो, वरडू नका!"

दुपार कलली, माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. न राहवून म्हणालो, "आक्का, जेवायचं काय?"

मान वर न करता आक्का म्हणाल्या, "थांबा की भाऊजी, पाच मिनिटं."

मी आत जाऊन भाजीवर झाकण ठेवलं. त्या घरात भाजी पुन्हा गार व्हायला लागली होती. किती बरं वाटलं म्हणून सांगू!