सुमन आणि श्वासाचा वर्ग

सुमन आमच्या भजनी मंडळाची पुढारीण. तिने ओळ म्हणायची आणि आम्ही मागून ओढायची, ही आमची सवय. बदनापूरच्या समाजमंदिरात ध्यानाचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "श्वास आत." सुमनने ते चालीत उचललं आणि आम्ही साऱ्या बाया मागून गायलो. "श्वास बाहेर"चंही तेच.

"म्हणायचं नाही, आजी. नुसतं लक्ष द्यायचं."

"मंग तुम्ही कशाला म्हणून राह्यल्या?" सुमन म्हणाली.

अशी बाई गप्प बसायला शिकणार कधी? पण शिकणं भाग होतं. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी तोंडावर कापड टाकलं तशी ती टेबलावरून उठून पळाली होती. म्हणे, "जित्तंच झाकून राह्यले असं वाटलं." पुढच्या खेपेला मध्येच हललात तर हाही डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"घरी सराव कर," मी म्हणाले.

"घरी भिंती अंगावर येतात, अक्का. तुमच्यात बसले की न्हाई येत."

वर्गात ती माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. आधी चुळबुळ, मग खोकला, मग हळूहळू शांत. एकदा मॅडमनी तिला पदर तोंडावर घ्यायला सांगितलं. ती कचरली, तशा आम्ही सगळ्यांनीच पदर ओढले. झाडायला आलेली बाई दारातून पाहून झाडू टाकून पळाली. सुमन पदराखाली हसून गदगदली, पण उठली नाही. मला इतका आनंद झाला की माझंच ध्यान मोडलं.

ऑपरेशनला आम्ही रेल्वेने जालन्याला गेलो. आत तिला एकटीलाच नेलं. ही आता पळत बाहेर येते की काय, म्हणून मी दारावरून नजर हलवली नाही. ती आली ती चालत, नर्सचा हात धरून, डोळ्यावर पट्टी बांधून. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि तिला लख्ख दिसलं. आम्ही सगळ्या एकदम बोलत सुटलो.

"एकटीनं कसं काढलंस गं?" मी विचारलं.

"एकटी कुठली? कापडाखाली मनातच तुम्हाला ओळीनं बसवलं. द्वारकीचं नाक वाजून राह्यलं, कौसल्या उसासे टाकून राह्यली. एकेकीचा श्वास ऐकत गेले. पण तू बैलावानी फुसफुसतीस, अक्का. तुझ्यापाशी आलं की हसू येई. मंग तुला सोडून पुन्हा द्वारकीपासून सुरू."