संज्याचा माउंट

आजार संज्याला झाला होता, आणि आम्ही सगळे त्याचा माउंट दुरुस्त करत बसलो होतो.

आज सकाळी बोरिवलीत संज्या गेला. कॉलेजपासूनचा माझा मित्र. ज्यांना तो फक्त 'टेरेसवरचा येडा' म्हणून माहीत होता, त्यांच्यासाठी लिहितेय.

आकाशाचा फोटो काढायला कॅमेरा दहा-दहा मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात पृथ्वी फिरते, तारे सरकतात. दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागे मागे फिरवत ठेवणारं खालचं यंत्र म्हणजे माउंट.

त्याचं हे ट्रॅकिंग नीट झालं तर फोटोत तारा टिंब. चुकला की तांदळाच्या दाण्यासारखा लांबट.

संज्याचे तारे टिंब असायचे. बोरिवलीच्या त्या भगभगीत उजेडातसुद्धा. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर लोक झूम करून कोपरे तपासायचे आणि मग त्याला शिव्या घालायचे. प्रेमानेच.

मग एका उन्हाळ्यात त्याचे तारे लांबायला लागले.

आधी जरासे. मग प्रत्येक फोटोत आणखी. आणि नेहमी एकाच बाजूला.

ग्रुपवर सल्ल्यांना नुसता ऊत आला.

"गिअरचे दाते झिजलेत."

"बेल्ट बदल यार."

"समोरून मेट्रो जाते ना, बिल्डिंग थरथरत असेल."

संज्याने सगळं केलं. पावसाळ्यात आभाळ बंद, तर माउंट उघडून डायनिंग टेबलवर मांडला. अंधेरीच्या एका वर्कशॉपमधून नवीन गिअर बनवून आणला.

त्याच पावसाळ्यात त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं दिसायला लागलं. "काय हिरो, या वयात?" मी म्हटलं. तो हसला. चहाचा कप त्याने डाव्या हातात धरला होता.

आमच्यात एक नियम आहे. कुणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. ज्याचा माउंट, त्याचाच हात. दुसऱ्याने लावलेल्याला बोटसुद्धा लावायचं नाही.

म्हणून तर कुणाला कळलंच नाही.

दिवाळीनंतर आभाळ खुललं. दिवेलागणीला मी त्याच्या टेरेसवर गेले, तो नवीन गिअर लावून तयारी करत होता. केबलमध्ये पाय अडकून माझा तोल गेला. आधाराला हात टाकला तो नेमका दुर्बिणीवर.

ती गपकन फिरली.

"क्लच आवळायचा राहिला ना रे."

"आत्ताच आवळला."

क्लच म्हणजे दुर्बिणीला गिअरशी घट्ट धरून ठेवणारा नॉब. तो दोन बोटांनीच आवळायचा, पाना लावायचा नाही, ही शिस्त संज्यानेच आम्हाला लावलेली.

"परत आवळ बघू."

त्याने आवळला. माझ्यासमोर. ओठ दाबून, सगळा जोर लावून. तेव्हा मला त्याचा हात दिसला. अंगठ्याखालचं मांस आत गेलं होतं, खळगा पडल्यासारखं.

मी एका बोटाने दुर्बीण ढकलली. फिरली.

खाली मुलं क्रिकेटवरून भांडत होती.

"म्हणजे जुना गिअर चांगला होता," तो म्हणाला.

एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

मग डॉक्टर, टेस्ट, आणि ते लांबलचक नाव. आधी हात. मग पाय. मग गिळणं. एकेक स्नायू सोडत जाणारा आजार, त्याला उतार नाही.

"च्यायला, ह्याचं ट्रॅकिंग परफेक्ट आहे," संज्या म्हणाला होता. मी त्याला मारायला धावले. मग दोघंही हसलो, आणि त्याची बायको वैशाली उठून आत गेली.

मागच्या हिवाळ्यात तो व्हीलचेअरवरून सांगायचा, मी लावायचे. नियम त्यानेच मोडला.

"आवळ. अजून. बस. पाना नको."

मृगातला तेजोमेघ काढला आम्ही. लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. शब्द जड झाले होते, तरी म्हणाला, "कोपरे."

एकेक कोपरा झूम करून दाखवला.

"टिंब," तो म्हणाला. त्यानंतर त्याचं बोलणं मला कधीच नीट समजलं नाही.

आज स्मशानातून परत आल्यावर वैशाली म्हणाली, "टेरेसवरचं तूच काढ गं. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

माउंट तेव्हापासून प्लास्टिकखाली तसाच उभा होता. उतरवायचा तर आधी क्लच सोडावा लागतो.

सोडला. दोन बोटांत सुटला. इतका सहज, की मी तिथेच खाली बसून ढसाढसा रडले.

जा, संज्या. मनापासून श्रद्धांजली, येड्या.