मुक्ताच्या मागून डेमो क्लासला

आमच्या घरात कुणी माझं पहिल्याच फटक्यात ऐकलं, की मला त्याचा संशय येतो.

मुक्ता, म्हणजे आमची लेक, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत बरीच मागे पडली. तिला जामबागच्या कॉलेजात साधं बी.एस्सी. करायचं होतं. मला हवी होती लाँग टर्म. (वर्षभर क्लासमध्ये कोंडून घेऊन तीच परीक्षा पुन्हा देण्याला हैदराबादेत लाँग टर्म म्हणतात. जन्मठेपेसाठी वेगळा शब्द आहे.) जामबागचे प्रवेश शनिवारी बंद होणार होते. म्हणून मी कंबर कसून वाद घालायला बसलो, तर ती म्हणाली, "ठीक आहे बाबा. उद्या नामपल्लीला डेमो क्लास आहे, जाऊन येते."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

"डेमोला नाही, ही दुसरीकडेच कुठेतरी जाणार," मी बायकोला म्हणालो.

"अहो, नाही म्हटलं तर चिडता, हो म्हटलं तर संशय घेता. पोरीनं करावं तरी काय?" सुनंदा शांतपणे म्हणाली. त्या शांतपणामुळे मला सुनंदाचाही संशय आला.

सकाळी तारनाक्याहून मुक्ताची रिक्षा निघाली, मागून माझी स्कूटर. ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला मास्क आणि भर उन्हात कानटोपी! सिग्नलवरचा पोलीस माझ्याकडेच टक लावून बघत होता. नामपल्लीला मुक्ता उतरली आणि सरळ क्लासमध्ये शिरली. इतकी सरळ, म्हणजे नक्की मागच्या दाराने सटकणार. त्या दारावर नजर ठेवायला मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

मागचं दार नव्हतंच. होतं ते पुढचं दार बंद झालं आणि पेपर वाटायला सुरुवात झाली.

"अंकल, आप भी?" सरांनी विचारलं.

पुढे मुक्ता बसलेली. तोंड उघडलं तर ती आवाज ओळखणार, म्हणून मी नुसती मान डोलावली.

"पढ़ने को उमर नैं रहती," म्हणत त्यांनी पेपर ठेवला. मी आडनाव आणि मोबाइल नंबर लिहिला आणि प्रत्येक प्रश्नाला ठोकून उत्तर दिलं. (चुकलं तर मार्क कापतात, हे मला कुणी सांगितलंच नाही. मुक्ताने वर्षभर सांगितलं होतं, पण ते मी ऐकलं नव्हतं.)

तासाभरात पेपर तपासून झाले. तिथे मार्क खालून, म्हणजे सगळ्यात कमीपासून वाचतात. पहिलंच नाव आलं, "देशपांडे!"

पुढच्या बाकावर मुक्ता उभी राहिली. तिची मान पार खाली गेली.

"तुम नैं अम्मा, तुमकू तो अच्छे मार्क आए. वो टोपी वाले अंकल," सर म्हणाले. "अंकल, आपकू मायनस आया. सो जाते तो झीरो तो मिलता था."

वर्ग हसला. मुक्ता वळली. "बाबा?"

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी भीतीने नको म्हणतेय की मला खरंच नकोय, तेवढंच बघायला आले होते."

"मग?"

"खरंच नकोय."

तिची ती खाली गेलेली मान काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. "बस मागे," मी म्हणालो, "जामबागला जाऊ."

ती बसली नाही. "इतक्यात हो म्हणालात? बाबा, काय चाललंय तुमच्या मनात?"

माझ्याच वळणावर गेली आहे पोर.

तिचा प्रवेश झाला. क्लासवाल्यांचे फोन मात्र अजून येतात, मला. "अंकल, लाँग टर्म कू आ जाव, झीरो तक तो लाते आपकू."

सुनंदा म्हणते, खुशाल जा. इतक्या सहज म्हणते, की मला दाट संशय येतोय.