बाटलीवर चाललेलं इंजिन

बाबांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल इंजिन बसल्यापासून आमच्या गोंदियाच्या घरामागे उभी होती. तिचे पार्ट बाजारात मिळेनासे झाले होते. आई म्हणायची, कबाडीला द्या. बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे आणि टाकी पुसत बसायचे. ती गाडी एकदा पुन्हा चालवायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

घरात इंटरनेट आलं तशी मी जुन्या सामानाच्या जाहिराती धुंडाळायला लागले. विकणारे एकेक नमुने. फोटो एका गाडीचा, पार्ट दुसरीचा. फोन केला की पहिलं वाक्य, "भाऊले फोन दे." मीच भाऊ, असं सांगून मी क्रँकची चौकशी सुरू केली की समोरचा गडबडायचा. मला फार मजा यायची.

अखेर आमच्याच मॉडेलचं इंजिन सापडलं, तेही अर्जुनी मोरगावला. विकणारे बाबांच्याच वयाचे शेतकरी होते. आम्ही दोघं रेल्वेनं निघालो. भाव तू कर, मी अजिबात खुश दिसणार नाही, असं बाबांनी गाडीतच ठरवून टाकलं.

अंगणात त्यांची मोटरसायकल उभी होती, बिनटाकीची. टाकी गंजून चाळणी झाली होती, दुसरी कुठे मिळेना, म्हणून नाइलाजानं इंजिन विकायला काढलं होतं. ते चालू आहे हे दाखवायला त्यांनी हँडलला सलाईनची रिकामी बाटली टांगली, तिच्यात पेट्रोल ओतलं, नळी कार्बोरेटरला जोडली आणि किक मारली. निळा धूर सोडत गाडी धडधडायला लागली. बाबा खुश न दिसण्याचं पार विसरले. मालक मात्र सीटवर हात ठेवून खाली बघत उभे होते.

इंजिन बंद झालं. मी भाव विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच बोलले.

"भाऊ, हे खोलू नका. माह्या गाडीची टाकी साबूत आहे. घेऊन जा."

मी चांगलीच वैतागले. इतके महिने डोळे फोडले मी, आणि हे टाकीसुद्धा देऊन मोकळे. परतीच्या रेल्वेत मी त्यांना तसं सुनावलंही.

"त्याचा जीव खोलून आणला असता," बाबा म्हणाले, "तं मले चालवाले मजा आली असती काय?"

मग अर्जुनी मोरगावच्या त्या काकांनी येऊन टाकी नेली, आणि मी जाहिराती बघणं सोडून दिलं.

दिवाळीनंतर एका सकाळी गल्लीत तोच आवाज आला. काका गाडीवरून उतरले, हँडल बाबांच्या हातात दिलं आणि मागे बसायला पाय उचलला. पण बाबा थांबलेच नाहीत. गल्लीच्या टोकाला वळताना त्यांनी हॉर्न वाजवला, आणि माझा सगळा राग निघून गेला. काका आमच्याकडे जेवले, ओट्यावर एक झोप काढून उठले, तरी बाबा गाडी परत द्यायला आले नव्हते.