कापसाच्या काट्यावरची बॅग

माझा स्वभाव तिरसट आहे, हे घरचेही मान्य करतात. पण भावाच्या पाठीवरच्या बॅगेसाठी मी जितक्या लोकांना छळलं, तितकं आयुष्यात कशासाठीच छळलं नसेल.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, रिटायर्ड मास्तर. हृदयाचा दुसरा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी सावकाश सायकल चालवायची मोकळीक दिली, पण ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं. भावाने त्यातला पहिला भाग तेवढा ऐकला.

"एकदा तांड्यावर सायकलनं जाऊन येतो," तो म्हणाला. "सामान माह्या पाठीवर. पुढच्या साली जमते का नाही, कोणाले मालूम."

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीच्या पुढे. कॉलेजात असताना तो दर पंधरवड्याला तिथून पीठ आणि डाळ सायकलवर लादून यवतमाळला आणायचा. आता तांड्यात आमची आत्या तेवढी उरली होती. तिच्यासाठी शाल आणि साखर घेऊन त्याला स्वतःच्या बळावर एकदा तिच्या दारात उभं राहायचं होतं. आपल्यातला दम संपलाय की नाही, हे त्याला बघायचं होतं. मी सोबत येईन, एवढंच त्याने कबूल केलं.

नव्या सायकलीला कॅरिअर नव्हतं, म्हणून बॅग हवी. मी आठवडाभर मोबाईलवर वाचून अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. पाठीला जाळी हवी, छातीवर पट्टा हवा, आणि वजन कमीत कमी. दुकानदार प्रत्येक बॅगेला 'एकदम हल्की' म्हणायचा. मग मी घरून लटकता काटा घेऊन गेलो. आमच्या शेतात वेचलेला कापूस त्यावर मोजतात. बॅग आकड्याला अडकवली, काटा जागचा हलला नाही. दुसरी अडकवली, तरी नाही. क्विंटलभर पेलणाऱ्या काट्याला सहाशे ग्रॅम काय कळणार! दुकानदार तोंड फिरवून हसला. भावाने मात्र ती दुसरी बॅग उचलून खांद्याला लावली आणि म्हणाला, "काट्याले कळत नाही म्हंजे हेच बरी." कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. बैल जाऊन पिढ्या झाल्या, वडिलांनीही ते पाहिले नव्हते, पण त्या काळातली एक गोष्ट ते सांगायचे. थकलेल्या बैलाची गोणी हलकी कर, रिकामी करू नको. रिकाम्या पाठीचा बैल रस्त्यातच बसतो. मला ते तोंडपाठ होतं.

निघायच्या सकाळी भाऊ चहा घेत होता. मी खोलीत जाऊन त्याची बॅग उघडली. पाण्याची बाटली, पंप, कपडे, साखर, शाल, सगळं काढून माझ्या बॅगेत कोंबलं. रिकामी बॅग ढिली पडली, म्हणून मुलीची जुनी उशी घडी करून आत बसवली. गोळ्या बाहेरच्या कप्प्यात राहू दिल्या. मला भीती वाटत होती. तो वाटेत कोसळेल याची, आणि मी काही केलं नाही असं आयुष्यभर वाटत राहील याची. दुसरी भीती मोठी होती, हे आता कळतं.

आर्णीपर्यंत तो मजेत चालला. ओझं कळतच नाही, याचं श्रेय त्याने नव्या बॅगेला दिलं, आणि पाणी मी माझ्या बॅगेतून देत राहिलो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि पुढे त्याची ताठ पाठ. मी मागे धापा टाकत होतो. "थकला का बे?" तो मागे वळून म्हणाला. "तुही बॅग भारी हाय. मी तुले सांगतलंच होतं."

आर्णीत चहाच्या टपरीवर त्याने साखरेची पुडी फुटली तर नाही ना, ते बघायला बॅग उघडली. उशी बाहेर आली. त्याने ती मांडीवर ठेवली. टपरीवरचे दोघे-तिघे बघत होते.

"आत्याले उशी देऊ का?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "काहून केलं असं?"

"तुह्यासाठीच केलं, भाऊ."

"मले वाटलं, मीच चालवून राह्यलो."

एवढंच बोलला. चिडला असता तर मीही चिडलो असतो, मला ते जमतं. त्याने उशी पुन्हा बॅगेत भरली, एका मालवाहू गाडीवाल्याशी बोलला, सायकल वर चढवली आणि यवतमाळला परत गेला. माझं सामान माझ्याकडे दे, असंही म्हणाला नाही. मी त्याच्या मागोमाग सायकलने आलो.

त्यानंतर सायकल जिन्याखाली उभी राहिली. फिरायला जाणंही त्याने सोडलं. वहिनी म्हणायच्या, थंडी आहे, जातील नंतर. महिन्याभरात तो झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी होणारच होतं. खरंही असेल. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेरावं झाल्यावर वहिनींनी बॅग माझ्याकडे दिली. उशी अजून आतच होती. ती काढून मी माझ्याकडेच राहिलेलं त्याचं सामान होतं तसं परत भरलं. बाटलीत पाणीही भरलं. मग कापसाचा काटा आढ्याला बांधला आणि बॅग अडकवली.

काटा तीन किलोवरही गेला नाही.