चाचांचा भिवंडीतला पत्ता

मंडळी, आज सकाळी भिवंडीतल्या आमच्या टेमघरच्या चाळीतल्या भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देऊन आलो. तसा नियमच आहे, पण बाबा म्हणायचे, "आपलीच मानसं हायेत, कागद कशाला?"

एका खोलीत लूमवर काम करणारे सहाजण राहतात. फॉर्म बघून सगळे घाबरले. त्यांना वाटलं, आता खोली खाली करावी लागणार.

हवालदारांनी शिक्का मारून प्रत दिली. त्या सहाजणांपैकी, बारा वर्षं आमच्याकडे राहणारे चाचा माझ्यासोबत आले होते. ती निरखत ते म्हणाले, "बेटा, इसका झेरॉक्स दोगे? घर भेजूंगा. यहाँ मेरा नाम-पता पहली बार लिखा गया है."

येताना सहाजणांसाठी झेरॉक्स काढल्या. खरं सांगू? चाचांचं पूर्ण नाव मलाही आजच कळलं. तुम्हाला तुमच्या भाडेकरूंचं माहीत आहे?